बंद शाळा, उघडी तिजोरी



ज्यांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी जमतो ते मुख्याध्यापक हिशेबाला फार काटेकोर होते, असं इथल्या जुन्या विद्यार्थ्यांकडून ऐकलं. तेव्हा त्यांच्या नावाच्या व्याख्यानात हिशेबच मांडावा म्हणतो. हिशेब युरोपातला आहे. कोरोनाच्या साथीत तिथल्या शाळा बंद झाल्या, महाविद्यालयं ओस पडली, नुकती कमवायला लागलेली पोरं घरी बसली आणि मग सरकारांनी तिजोऱ्या उघडल्या. तो पैसा कुठे गेला, कोणाच्या पदरात पडला आणि त्यातलं आज काय शिल्लक आहे, एवढंच बोलणार आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांना प्रश्न तयार करायला वेळ मिळेल. मुलांचं नुकसान सावकाश भरून येणारं होतं आणि त्यावर दिलेला पैसा मुदतीचा होता. मुदत संपली, की सोयही संपली. टिकलं ते तेवढंच, जे कुठेतरी हक्क म्हणून किंवा निदान दीर्घ कराराने कागदावर आलं.

‘युरोपचं शैक्षणिक धोरण’ असं आपण सहज म्हणून जातो, पण शाळा चालवण्याचा अधिकार ब्रसेल्सकडे नाही. युरोपीय संघाच्या करारातलं कलम १६५ सांगतं, की अभ्यासक्रम काय असावा आणि शिक्षणव्यवस्था कशी रचावी हा सदस्य देशांचा प्रश्न; संघाने मदत करावी, उत्तेजन द्यावं. जर्मनीत तर हा अधिकार बर्लिनकडेही नाही, सोळा राज्यांकडे आहे. त्यामुळे साथ एकच असली तरी शाळांचे निर्णय देशोदेशी, कधी राज्योराज्यी वेगळे झाले. अभ्यासकांच्या दृष्टीने ही सोयच झाली. मुलांच्या दृष्टीने अर्थातच नाही.

मार्च २०२०च्या पहिल्या आठवड्यात इटलीने देशभरच्या शाळा बंद केल्या. पंधरवड्याच्या आत बहुतेक युरोप बंद झाला. स्वीडनने मात्र सोळा वर्षांखालच्या मुलांच्या शाळा चालू ठेवल्या. वरच्या वर्गांतल्या मुलांना तेवढं घरी बसवलं. डेन्मार्कने १५ एप्रिललाच शाळा पुन्हा उघडल्या आणि त्याही खालून वर, म्हणजे पाळणाघरं आणि पाचवीपर्यंतची मुलं आधी. बाकांमध्ये दोन मीटर अंतर, दर दोन तासांनी हात धुणं, जमेल तेवढे तास मैदानात किंवा झाडाखाली. सहा-सात वर्षांच्या मुलाला पडद्यावर शिकवता येत नाही आणि ते घरी असलं तर आईबापांना कामावर जाता येत नाही, एवढा साधा विचार त्यामागे होता. इंग्लंडमध्ये काय झालं? ४ जुलैला पब उघडले. बहुसंख्य मुलं वर्गात परतली ती सप्टेंबरात. जर्मनीत मे महिन्याच्या मध्यावर फुटबॉलची बुंडेसलीगा सुरू झाली तेव्हा अनेक वर्गांच्या शाळा अजून पुरत्या सुरू व्हायच्या होत्या. कुठल्या समाजाला कशाची घाई असते, ते अशा तारखांवरून कळतं. मुलांना मत नसतं, त्यांची संघटनाही नसते. २०२०च्या नोव्हेंबरात, दुसऱ्या लाटेत, ट्यूरिनमधली बारा वर्षांची एक मुलगी बंद शाळेच्या दाराबाहेर थंडीत बसून टॅबलेटवर तास करू लागली. मैत्रिणी येऊन बसल्या, मग इतर शहरांतही मुलं बसू लागली. इटलीच्या शिक्षणमंत्र्यांना तिला फोन करावा लागला. शाळा चुकवण्यासाठी आंदोलन करणारी मुलं जगाने पाहिली होती. शाळेत घ्या म्हणून बसलेली बहुधा पहिलीच.

आता नुकसान किती झालं ते पाहू. त्यावरचा सर्वांत भरवशाचा पुरावा नेदरलँड्समधून आला, आणि तो योगायोगाने हाती लागला. तिथे प्राथमिक शाळेतल्या मुलांची वर्षातून दोनदा राष्ट्रीय चाचणी होते. २०२०मध्ये पहिली चाचणी शाळा बंद होण्याच्या जरा आधी झाली आणि दुसरी शाळा उघडल्यावर लगेच. मधे आठ आठवड्यांचा बंद. ऑक्सफर्डशी संबंधित तीन संशोधकांनी साडेतीन लाखांच्या आसपास मुलांचे गुण आधीच्या वर्षांशी ताडून पाहिले आणि २०२१मध्ये निष्कर्ष छापले. सरासरी घट तीन पर्सेंटाइलची, म्हणजे शालेय वर्षाच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढी. शाळा बंद होत्या त्याही तेवढाच काळ. थोडक्यात, घरी बसून मुलं जवळजवळ काहीच शिकली नाहीत. ज्या घरांत आईवडिलांचं शिक्षण कमी होतं तिथे ही घट ६० टक्क्यांपर्यंत जास्त होती. आणि हे कुठे, तर नेदरलँड्समध्ये! घरोघरी ब्रॉडबँड असलेला, बंदही तुलनेने थोडका ठेवलेला देश. तिथे ही गत, तर दक्षिण इटलीत किंवा रोमानियातल्या खेड्यात काय झालं असेल, याचा अंदाज करायला संशोधक लागत नाही.

परीक्षांचा घोळ सगळीकडे झाला, पण इंग्लंडने त्यात जे करून दाखवलं ते तपशिलात सांगण्याजोगं आहे. २०२०च्या उन्हाळ्यात ए-लेव्हल, म्हणजे आपल्या बारावीसारखी परीक्षा, रद्द झाली. विद्यापीठ प्रवेश तर त्याच श्रेणींवर. शिक्षकांना सांगितलं गेलं, की प्रत्येक मुलाला कोणती श्रेणी मिळाली असती ते लिहा आणि विषयवार मुलांचा क्रम लावा. शिक्षक हात सैल सोडणार, ही भीती परीक्षा नियामक मंडळाला होती. म्हणून त्यांनी एक गणिती सूत्र बसवलं. त्या शाळेचे मागच्या तीन वर्षांचे निकाल घ्यायचे, तेच वाटप या वर्षीच्या मुलांवर बसवायचं आणि शिक्षकांनी लावलेल्या क्रमाने श्रेणी वाटत जायचं. म्हणजे ज्या शाळेतून तीन वर्षांत कोणाला सर्वोच्च श्रेणी मिळाली नव्हती, तिथल्या हुशार मुलीला यंदाही ती मिळणं जवळपास अशक्य. आणखी एक मेख होती. विषयाला पाच किंवा त्याहून कमी मुलं असतील तर सूत्र लागू करायचं नाही, शिक्षकांची श्रेणी कायम. लॅटिनला चार मुलं कुठे असतात? महागड्या खासगी शाळेत. सरकारी शाळेत गणिताला तीस मुलं असतात, तिथे सूत्र पूर्ण ताकदीने चालायचं. १३ ऑगस्टला निकाल लागला. शिक्षकांनी दिलेल्या श्रेणींपैकी ३९ टक्के खाली आल्या होत्या आणि वरच्या श्रेणींतली वाढ सर्वांत जास्त खासगी शाळांत दिसत होती. स्कॉटलंडमध्ये आठवडाभर आधी असाच प्रकार होऊन तिथल्या सरकारने तो मागे घेतला होता; माझा पिनकोड पाहू नका, माझं काम पाहा, अशा अर्थाचे फलक मुलांच्या हातात होते. लंडनने त्यातून धडा घेतला नाही. मुलं रस्त्यावर आली तेव्हा चार दिवसांत निर्णय फिरवावा लागला आणि पुढे पंतप्रधान जॉन्सन सगळं खापर सूत्रावर फोडून मोकळे झाले. सूत्र काय आभाळातून पडलं होतं?

आपल्याकडे २०२१मध्ये दहावीची परीक्षा न घेता अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लावला, तो ९९.९५ टक्के लागला. त्यावर विनोदही पुष्कळ झाले. उदारपणाची ती चूक होती असं मानलं तरी त्या वर्षी तिने कोणाची वाट अडवली नाही. अकरावीच्या प्रवेशाचा गोंधळ झाला तो वेगळा, तो न्यायालयाने सोडवला. इंग्लंडमध्ये काटेकोरपणा दाखवायचा होता आणि त्याची किंमत गरीब वस्तीतल्या हुशार मुलांकडून वसूल होणार होती.

तर, पैसा. नेदरलँड्सने फेब्रुवारी २०२१मध्ये राष्ट्रीय शिक्षण कार्यक्रम जाहीर केला, साडेआठ अब्ज युरोंचा. तेव्हाच्या दराने सुमारे ७५ हजार कोटी रुपये, आणि देशाची लोकसंख्या पावणेदोन कोटी. शाळांना पहिल्या वर्षी दर विद्यार्थ्यामागे ७०० युरोंच्या आसपास थेट मिळाले. विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांची एका वर्षाची फी निम्मी झाली. शाळांनी पैसा वाटेल तसा उडवू नये म्हणून उपायांची एक यादी केली, तिला नावच ‘मेनूकार्ड’. लहान गटात शिकवणी, जादा तास, वाचनाचे वर्ग, मुलांना मिसळायला शिकवणारे उपक्रम, असं त्यात होतं. ज्या उपायांचा उपयोग संशोधनातून दिसला आहे तेच निवडायचे. कागदावर याहून चांगली योजना मला तरी माहीत नाही. पण यादीतल्या जवळजवळ प्रत्येक उपायाला शिक्षक लागत होता आणि शिक्षकांचा तुटवडा साथीच्या आधीपासून होता. ॲमस्टरडॅमच्या काही शाळांनी साथीच्या आधीच माणसं नाहीत म्हणून आठवडा चार दिवसांवर आणला होता. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? दोन वर्षांपुरत्या पैशावर कायम नेमणूक कोणी करत नाही. मग शाळांनी बाहेरच्या कंपन्यांकडून शिकवणीवाले चढ्या दराने घेतले, आणि काही तरुण शिक्षक शाळा सोडून त्याच कंपन्यांत गेले. एवढ्या पैशाने नेमकं काय साधलं हे सांगता येत नाही, असं शेवटी देशाच्या लेखापरीक्षकांनाच म्हणावं लागलं.

इंग्लंडने दुसरी वाट धरली, हात आखडता घेण्याची. सर केव्हन कॉलिन्स यांना सरकारनेच शिक्षणाची घडी परत बसवण्यासाठी आयुक्त नेमलं. त्यांनी सुमारे १५ अब्ज पौंडांची योजना दिली, त्यात शाळेचा दिवस लांबवण्याचा प्रस्ताव होता. सरकारने १.४ अब्ज देऊ केले. जून २०२१मध्ये कॉलिन्स राजीनामा देऊन बाहेर पडले. शिकवणीची राष्ट्रीय योजना चालली खरी, पण सरकारचा वाटा वर्षागणिक घटत गेला, बाकीचा भार शाळांवर पडत गेला आणि ऑगस्ट २०२४मध्ये योजना बंद झाली. दरम्यान एक नवं दुखणं उघड झालं. साथीच्या आधी दहा टक्के किंवा त्याहून अधिक दिवस गैरहजर राहणारी मुलं साधारण नऊत एक होती; २०२१-२२मध्ये ती पाचात एकापेक्षा जास्त झाली. शाळेत रोज जायचं असतं ही सवय मोडली होती. ती जादा तास देऊन कशी परत येणार? मूल वर्गातच नाही, तर शिकवणी कोणाची घ्यायची?

इटलीची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती मला मोह पाडते. २०२०च्या सप्टेंबरात शाळा उघडायच्या म्हणून तिथल्या सरकारने चोवीस लाखांच्या आसपास एकेरी बाकं मागवली. त्यांतली चार लाखांहून जास्त चाकांची होती: खुर्ची, तिला जोडलेली छोटी फळी आणि खाली चाकं, म्हणजे अंतर राखत हवा तसा वर्ग मांडता येईल. मुलांनी त्यांच्या शर्यती लावल्या. फळीवर वही आणि पुस्तक एका वेळी मावेना. पाठ दुखते म्हणून तक्रारी आल्या. काही ठिकाणी ही बाकं वर्षभरात गोदामात गेली, काही ठिकाणी भंगारात. दूरशिक्षणाला इटलीत ‘डाड’ म्हणत. त्या डाडमध्ये शाळा संपवून बाहेर पडणाऱ्या मुलांची २०२१मध्ये राष्ट्रीय चाचणी झाली तेव्हा निम्म्याच्या आसपास मुलं गणितात किमान पातळीपर्यंत पोचली नव्हती. कंपानियात, म्हणजे नेपल्सच्या परिसरात, परिस्थिती याहून वाईट होती. हातात प्रमाणपत्र आहे आणि येत काही नाही, अशा मुलांसाठी इटालियन चाचणी संस्थेने ‘छुपी गळती’ अशा अर्थाचा शब्द रूढ केला आहे. तो आपल्याकडेही उपयोगी पडेल.

शाळेच्या वरच्या वयाकडे वळतो. साथीत युरोपने नोकऱ्या वाचवण्याचं काम उत्तम केलं. कामाचे तास कमी करा, पगाराचा फरक सरकार भरेल, या पद्धतीला संघाने १०० अब्ज युरोंपर्यंतचं कर्ज उभं करून दिलं. पण ही ढाल कोणाला? ज्याच्याकडे नोकरीचा करार आहे त्याला. कॅफेत वाढपी असलेली विद्यार्थिनी, सहा महिन्यांच्या करारावरचा मुलगा, शिकाऊ उमेदवारी संपून नोकरी शोधणारा, हे सगळे ढालीच्या बाहेर. २००८नंतरच्या मंदीत स्पेन आणि ग्रीसमध्ये तरुणांची बेकारी ५० टक्क्यांवर गेली होती, त्यातून २०१३मध्ये ‘युवा हमी’ जन्माला आली. शाळा सुटली किंवा काम गेलं, की चार महिन्यांत नोकरी, शिक्षण किंवा उमेदवारी यांपैकी काहीतरी देऊ करायचं. ऑक्टोबर २०२०मध्ये ती मजबूत केली आणि वयोमर्यादा पंचविसावरून तिसावर नेली. पण तिला हमी म्हणत असले तरी ती संघाच्या मंत्रिपरिषदेची नुसती शिफारस आहे. चार महिन्यांत काही मिळालं नाही, तर त्या मुलाला ब्रसेल्सच्या दारात उभं राहून काही मागता येत नाही.

फ्रान्समध्ये हे जास्त ठळक दिसलं. २०२१च्या जानेवारीत विद्यापीठं बंद, वसतिगृहाच्या नऊ चौरस मीटरच्या खोलीत मुलं महिनोन्‌महिने एकटी आणि संध्याकाळी मोफत शिध्यासाठी पॅरिसमध्ये रांगा. रांगेत उभे विद्यार्थी आणि शिधा वाटणारेही पुष्कळदा विद्यार्थीच. अध्यक्ष माक्रोन यांनी जाहीर केलं, की विद्यापीठाच्या खानावळीत कोणत्याही विद्यार्थ्याला दिवसाला दोन जेवणं, प्रत्येकी एक युरोत. एरवी जेवण ३.३० युरोंना असे. बसून खायला बंदी होती, म्हणून डबा घेऊन खोलीवर जायचं. शिवाय मानसोपचारतज्ज्ञाकडे काही सत्रं मोफत. मला या सगळ्या धोरणांत हे एक युरोचं जेवण सर्वांत शहाणपणाचं वाटतं. कोणाला आपली गरिबी सिद्ध करावी लागली नाही, अर्ज नाही, दाखला नाही. विद्यार्थी असल्याचं ओळखपत्र दाखवायचं आणि ताट घ्यायचं. नव्या शैक्षणिक वर्षात सवलत पुन्हा शिष्यवृत्तीधारक आणि अडचणीतल्या विद्यार्थ्यांपुरती झाली. शिध्याच्या रांगा मात्र उरल्या.

त्याच फ्रान्सने शिकाऊ उमेदवार घेणाऱ्या मालकाला पहिल्या वर्षी ८,००० युरोंपर्यंत अनुदान दिलं. वर्षाला होणारे उमेदवारीचे करार २०१९मध्ये चार लाखांच्या आत होते, २०२२मध्ये आठ लाखांच्या वर गेले. आकडा डोळे दिपवणारा आहे. आत पाहिलं तर बहुतेक वाढ पदवी आणि पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्यांत होती, ज्यांना नोकरी एरवीही मिळण्याची शक्यता जास्त. शाळा अर्धवट सोडलेल्या मुलाला सुतारकाम किंवा बेकरी शिकवणारी उमेदवारी त्या मानाने जेमतेम वाढली. पाणी उताराकडे जातं तसं अनुदान आधीच सुस्थितीत असलेल्याकडे जातं. अडवायला बांध घालावा लागतो.

संघाने २०२२ हे ‘युरोपीय युवा वर्ष’ जाहीर केलं. तरुणांनी दुसऱ्यांसाठी सोसलं, आता त्यांच्यासाठी काही करू, असा त्यामागचा भाव. वर्ष सुरू होऊन दोन महिने होत नाहीत तोच रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि लाखो युक्रेनी मुलं पोलंड, जर्मनी, चेकियाच्या वर्गांत दाखल झाली. धोरणकर्त्यांचं लक्ष तिकडे गेलं, जायलाच हवं होतं. युवा वर्षाचे मेळावे झाले, संकेतस्थळं झाली, अठरा वर्षांच्या मुलांना रेल्वेचे मोफत पास मिळाले. विद्यार्थ्यांना परदेशी शिकायला पाठवणाऱ्या ‘इरास्मुस’ योजनेचा निधी तेवढा खरोखर वाढला, सात वर्षांसाठी २६ अब्ज युरोंच्या पुढे, आधीच्या जवळपास दुप्पट. त्यातल्या इरास्मुस मुंडुस शिष्यवृत्त्यांवर आपल्याकडची मुलंही जातात. ब्रिटन मात्र त्याआधीच ब्रेक्झिटपायी इरास्मुसमधून बाहेर पडला होता.

आता माझ्याच मांडणीला अडचणीत आणणारी गोष्ट. डिसेंबर २०२३मध्ये ‘पिसा’चे, म्हणजे पंधरा वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीचे निकाल आले. गणितात ओईसीडी या विकसित देशांच्या संघटनेतल्या देशांची सरासरी १५च्या आसपास गुणांनी घसरली, जर्मनी २५, नेदरलँड्स २७, नॉर्वे ३३. कोरोनाने केलं, म्हणायला सगळे मोकळे. पण शाळा बंद न ठेवणारा स्वीडनही वीसेक गुणांनी घसरला. फिनलंडची घसरण तर साथीच्या कितीतरी आधीपासून चालू होती. आणि एस्टोनिया, जिथे १९९०च्या दशकाच्या अखेरीस शाळांत संगणक आणण्याची मोहीम झाली, जिथे साथ आली तेव्हा शिक्षक दूरशिक्षणाला आधीच सरावलेले होते, तो गणितात युरोपात पहिला आला. तेव्हा शाळा किती आठवडे बंद होत्या एवढ्यावरून निकाल समजत नाही. साथीने भिंत पाडली नाही. आधीच्या भेगा रुंद केल्या. पडद्याबद्दलचं मतही मधल्या काळात पार उलटलं. सप्टेंबर २०२०मध्ये युरोपीय आयोगाने डिजिटल शिक्षणाचा मोठा आराखडा आणला; २०२३मध्ये स्वीडनचं सरकार छापील पाठ्यपुस्तकांसाठी कोट्यवधी क्रोनर बाजूला काढत होतं आणि २०२४च्या आरंभी नेदरलँड्सने वर्गात मोबाइलला बंदी केली. एवढ्या चटकन मत बदललेलं पाहून हसू येतं, पण मत बदलायची हिंमत दाखवली, याचं कौतुकही करतो.

शेवटी जर्मनी. एप्रिल २०२१मध्ये तिथे कायदा झाला, की एखाद्या जिल्ह्यात आठवड्याला लाखामागे १६५हून जास्त रुग्ण सलग तीन दिवस आढळले तर वर्ग भरवायचे नाहीत. त्याविरुद्ध विद्यार्थी आणि पालक कार्ल्सरूहेच्या घटनात्मक न्यायालयात गेले आणि हरले. नोव्हेंबर २०२१च्या निकालात न्यायालयाने बंद वैध ठरवला. पण ते ठरवताना एक गोष्ट पहिल्यांदाच स्पष्ट केली: मुलांना शालेय शिक्षणाचा मूलभूत हक्क आहे. जर्मन राज्यघटनेत हे शब्द कुठे थेट लिहिलेले नाहीत. व्यक्तिमत्त्वाच्या मुक्त विकासाचं कलम आणि शाळांवर राज्याची देखरेख सांगणारं कलम एकत्र वाचून न्यायालयाने तो काढला. ज्यापेक्षा कमी देता येणार नाही अशी किमान पातळी राज्याने राखलीच पाहिजे, असंही सांगितलं. याचिका फेटाळली गेली आणि हक्क मिळाला, असा हा चमत्कारिक खटला.

त्याच सुमारास जर्मनीचाही दोन वर्षांचा, दोन अब्ज युरोंचा ‘भरपाई’ कार्यक्रम चालू होता. तो संपला. मे २०२३मध्ये वाचनाच्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीतून कळलं, की चौथीतल्या दर चार मुलांपैकी एकाला पुरेसं वाचता येत नाही. त्यानंतर केंद्र आणि राज्यांनी मिळून वेगळा करार केला. ऑगस्ट २०२४पासून दहा वर्षं, २० अब्ज युरो, आणि ते सगळ्या शाळांना सरसकट न वाटता गरीब वस्त्यांतल्या सुमारे चार हजार शाळांना. जर्मनीत केंद्राचा पैसा राज्यांत वाटायचं जुनं सूत्र असं, की दोन तृतीयांश भार करउत्पन्नावर आणि एक तृतीयांश लोकसंख्येवर. म्हणजे श्रीमंत राज्याला जास्त. या नव्या करारातल्या इमारतींसाठीच्या हिश्श्यात ते सूत्र बाजूला ठेवून मुलांची गरिबी आणि स्थलांतरित कुटुंबं मोजली गेली. बव्हेरियासारख्या राज्याच्या गळी हे उतरवायला काय काय करावं लागलं असेल, याची कल्पना ज्यांनी आपल्याकडची वित्त आयोगाची भांडणं पाहिली आहेत त्यांना येईल.

करार २०३४पर्यंत आहे. मधल्या काळात सरकारं बदलतील, नवे अर्थमंत्री येतील आणि त्यांतला एखादा खर्चकपातीची कात्री घेऊन या कराराकडे पाहीलच. ब्रसेल्सचा साथोत्तर पुनर्बांधणीचा निधी तर ३१ ऑगस्ट २०२६ला बंद करायचं आधीच ठरलं होतं. तो ज्या देशांनी शाळांत समुपदेशक आणि शिकवणी-शिक्षक नेमायला वापरला, त्यांना १ सप्टेंबरला पगार कुठल्या खात्यातून द्यायचा, हे आपापल्या अंदाजपत्रकात शोधावं लागणार. मी थांबतो. प्रश्न विचारा.